आधी ड्रॉइंग, मग मशीन

कोपर आणि मनगट यांच्यामधले हाड मोडले, की शल्यविशारद त्या जागी धातूची पट्टी ठेवतात आणि ती स्क्रूंनी हाडाला आवळतात. या कामात नेहमी लागणाऱ्या एका स्क्रूची मापे पाहा. आट्यांचा बाहेरचा व्यास 3.5 मिमी, गाभ्याचा व्यास 2.4 मिमी, एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर 1.25 मिमी, डोक्याचा व्यास 6 मिमी आणि त्या डोक्यात पाना बसण्यासाठी 2.5 मिमीचा षटकोनी खड्डा. लांबी हाडाच्या जाडीप्रमाणे बदलते, 40 मिमीचाही स्क्रू लागतो. काही स्क्रूंच्या टोकाला हाडात स्वतःच आटे पाडत जाण्यासाठी खाचा असतात. धातू म्हणजे टायटॅनियमचा मिश्रधातू किंवा शरीरात बसवण्यासाठीचे खास स्टेनलेस स्टील. हा स्क्रू आवळताना खड्ड्याचे माप चुकलेले असेल तर पाना घसरतो, आणि तो घसरतो तेव्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणूस असतो.

असा जॉब हजारोंच्या संख्येने, प्रत्येक नग सारखा, आणि मशीनमधून बाहेर पडेल तो पूर्ण होऊनच, असा हवा असेल तर स्विस टाइप लेथचा विचार करावा लागतो. आज या लेथ सात, नऊ, अकरा अक्षांच्या मिळतात. किंमत सहज कोटीच्या घरात जाते. भोसरी, अंबड किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा उद्योजक असे मशीन घेतो तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा बँकेचे कर्ज आणि घरच्यांची अनेक वर्षांची मेहनत असते. म्हणून ही निवड नीट समजून करायला हवी. माझे सांगणे एकाच वाक्याचे आहे: मशीनच्या प्रत्येक अक्षाला तुमच्या ड्रॉइंगमधली एखादी ओळ जबाबदार असली पाहिजे. बाकीचे प्रकरण म्हणजे या वाक्याचा विस्तार आहे.

वाकणाऱ्या दांड्याचे गणित

साध्या लेथवर जॉब चकमध्ये धरला जातो आणि टूल त्याच्या लांबीवरून सरकते. जॉब आखूड आणि जाड असेल तोवर यात काही अडचण नाही. पण 4 मिमी जाडीचा स्टेनलेस स्टीलचा दांडा चकमधून 40 मिमी बाहेर काढा आणि त्याच्या टोकाशी टूल लावा. कापताना टूलने 50 न्यूटन, म्हणजे साधारण पाच किलो वजनाइतका, दाब दिला तर दांड्याचे टोक सुमारे 0.44 मिमी वाकते. ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स असतो 10 किंवा 20 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागाइतका. येथे चूक त्याच्या वीस ते चाळीस पट झाली. मागून टेलस्टॉक लावून हे थोडे सावरता येते, पण मग टोकाचे काम करायला जागाच उरत नाही.

आता तोच दांडा आधारापासून फक्त 2 मिमी बाहेर असेल असे धरा. वाकणे लांबीच्या घनाप्रमाणे बदलते. लांबी वीसपट कमी झाली म्हणजे वाकणे आठ हजारपट कमी झाले. गणिताने ते मायक्रॉनच्याही विसाव्या भागाजवळ येते. प्रत्यक्षात टूल, आधार आणि मशीनचा सांगाडा यांची लवचिकता त्यात मिसळते, तरी दांडा वाकण्याचा प्रश्न जवळजवळ संपतो.

स्विस टाइप लेथचे सगळे रहस्य या एका गणितात आहे. तिथे टूल लांबीच्या दिशेने सरकत नाही, बार सरकतो. बार धरणारे हेडच पुढेमागे जाते. समोर एक पक्की गाइड बुश असते, बार तिच्यातून बाहेर येतो आणि बाहेर येता क्षणीच, एक-दोन मिलिमीटरवर, टूल त्याला कापते. चाकूने पेन्सिलीला टोक काढताना आपण बोटे जिथे तासायचे त्याच्या अगदी मागे ठेवतो, तसाच आधार इथे बारला मिळतो. जॉब कितीही लांब असो, कापणी नेहमी आधाराला चिकटूनच होते.

ज्युराच्या दऱ्यांतून

ही युक्ती घड्याळांच्या गरजेतून आली. स्वित्झर्लंडच्या ज्युरा पर्वताच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात घड्याळांचा उद्योग वाढला. त्याला केसासारखे बारीक स्क्रू आणि अक्षदंड लाखोंनी लागू लागले. 1870 च्या दशकात याकोब श्वायत्झर यांनी सरकत्या हेडची स्वयंचलित लेथ घडवली. 1880 च्या सुमारास निकोलस युंकर यांनी मुतिए या छोट्या गावात अशा मशीनचे काम सुरू केले आणि पुढे टॉर्नोस, बेश्लर, पेटरमान या तिन्ही नामवंत कंपन्या त्याच गावात वाढल्या. त्या काळच्या मशीनची हालचाल कॅम ठरवत असत. प्रत्येक जॉबसाठी कॅमचा वेगळा संच कापावा लागे. त्या लेथचे संग्रहालय आजही मुतिएत आहे.

याच परिसरात हाडांचा स्क्रूही आकाराला आला. नोव्हेंबर 1958 मध्ये बील येथे तेरा शल्यविशारदांनी मिळून मोडलेली हाडे आतून जोडण्याच्या पद्धतीचा अभ्यास करणारा ‘एओ’ हा गट स्थापन केला. त्यांच्यापैकी मॉरिस म्युलर यांनी बीलजवळच्या बेटलाख गावातले यंत्रनिर्माते रोबेर्ट माथिस यांना गाठले आणि स्क्रू, पट्ट्या व हत्यारे घडवून घ्यायला सुरुवात केली. पुढे धातूच्या अभ्यासासाठी वाल्डेनबुर्ग येथील श्ट्राउमान संस्था त्यांच्याबरोबर आली. त्या संस्थेचे आधीचे काम घड्याळांच्या मिश्रधातूंवर होते. घड्याळाचा स्क्रू करणाऱ्यांच्या शेजारीच हाडाचा स्क्रू जन्मला याचे कारण उघड आहे. बारीक, लांब, अचूक आणि पुष्कळ संख्येने लागणारा नग कसा करायचा हे त्या भागातल्या कारागिरांच्या अंगवळणी पडले होते.

पुढे कॅमची जागा संगणकीय नियंत्रणाने घेतली. या टप्प्यात जपानी कंपन्या पुढे आल्या. सिटिझन ही घड्याळांची कंपनी, शिझुओकाची स्टार कंपनी 1950 मध्ये घड्याळांचे आणि कॅमेऱ्यांचे सुटे भाग करण्यासाठी सुरू झालेली, आणि नागाओकाची त्सुगामी. त्सुगामीचा एक कारखाना चेन्नईजवळही आहे. आज पुण्यात किंवा नाशिकमध्ये मशीन घ्यायला निघालेल्या माणसापुढे प्रामुख्याने ही जपानी नावे, स्विस टॉर्नोस, जर्मन ट्रॉब आणि काही कोरियन पर्याय येतात.

हे मशीन खरेच हवे का?

निवडीचा पहिला प्रश्न कंपनीचा नाही, जॉबचा आहे. जॉबच्या लांबीला व्यासाने भागा. उत्तर तीनपेक्षा कमी असेल, तर त्याला गाइड बुशच्या आधाराची गरज सहसा नसते. सब स्पिंडल, म्हणजे नग दुसऱ्या बाजूने धरणारा जोडीचा स्पिंडल, असलेले साधे सीएनसी टर्निंग मशीन तो जॉब स्वस्तात आणि चांगला करते. उत्तर चार, पाच, दहा असे वाढत जाईल तसतशी स्विस टाइप लेथची बाजू भक्कम होत जाते. वरच्या स्क्रूत आट्यांच्या भागाचे हे उत्तर दहाच्या वर जाते.

दुसरी कसोटी कच्च्या मालाची. हे मशीन बारवर चालते. फोर्जिंग किंवा कास्टिंगमधून येणारा जॉब त्याच्यासाठी नाही. बारचा व्यास सहसा 38 मिमीपर्यंतच असतो, आणि 12, 16, 20, 32, 38 असे मशीनचे वर्ग पडतात. तुमच्या सर्वांत मोठ्या जॉबपेक्षा दोन वर्ग मोठे मशीन घेण्याचा मोह टाळा. 32 मिमीच्या मशीनवर 4 मिमीचा बार चालतो, पण मोठ्या स्पिंडलचा कमाल वेग कमी असतो आणि बार फीडरच्या मोठ्या नळीत बारीक बार फडफडतो.

तिसरी कसोटी म्हणजे जॉबवर आज किती सेटिंग होतात. वळणकाम एका मशीनवर, भोक दुसऱ्यावर, खड्डा तिसऱ्यावर, अशी जॉबची फिरती होत असेल तर प्रत्येक पकडीत थोडी चूक वाढते. डोके आणि दांडा एका अक्षावर येत नाहीत ते यामुळेच. शिवाय मधल्या ट्रेमध्ये नग पडून राहतात, ओरखडे येतात, मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते. तीन-चार सेटिंगचा लांबट जॉब एका पकडीत संपत असेल, तर मशीनची किंमत वसूल होण्याची खरी जागा तिथे आहे.

अक्ष मोजायचे कसे

माहितीपत्रकात ‘नऊ अक्ष’ असे लिहिलेले असते तेव्हा ते नऊ कुठे आहेत हे बोट ठेवून विचारावे. सर्वसाधारण सात अक्षांच्या मशीनमध्ये मुख्य बाजूला एक्स, वाय आणि झेड, सब स्पिंडलच्या बाजूला एक्स आणि झेड, आणि दोन्ही स्पिंडल कोनात फिरवून थांबवता येण्यासाठी दोन सी अक्ष असतात. मुख्य बाजूचा वाय अक्ष टूलच्या रांगेतून हवे ते टूल समोर आणतो आणि मध्यापासून बाजूला सरकून मिलिंगही करू देतो. सब स्पिंडलच्या टूलनाही वाय दिला की आठ अक्ष झाले. टूल तिरके करणारा बी अक्ष आला की नऊ. स्वतंत्र हालणारा तिसरा टूल पोस्ट जोडला की आकडा आणखी वाढतो.

आता ड्रॉइंग समोर घ्या. टोकाच्या खाचा परिघावर ठरावीक कोनांत आहेत, म्हणजे मुख्य स्पिंडलला सी आणि मुख्य टूलना वाय हवा. डोक्यातला षटकोनी खड्डा पार्टिंगनंतर, म्हणजे नग बारपासून तोडल्यावर, मागच्या बाजूने करायचा आहे, म्हणजे सब स्पिंडल हवाच. तो खड्डा बारीक कटरने मिलिंग करून करणार असाल तर तिथे सी आणि फिरते टूल हवे, शक्य तर वायही. टोच्याने ठोसून काढणार असाल तर मागच्या बाजूचा वाय लागणार नाही. बी अक्षाची या स्क्रूला गरज नाही.

मणक्यात बसणाऱ्या स्क्रूचे डोके मात्र यू आकाराचे असते आणि काही नमुन्यांत त्यावर वेगवेगळ्या कोनांत भोके व तिरके पृष्ठभाग असतात. तिथे बी अक्ष उपयोगी पडतो. पण इथेही एक भेद आहे. एकाच कोनातले एकच भोक सगळ्या नगांत असेल, तर हाताने कोन लावून आवळता येणारा टूल होल्डर तेच काम करतो आणि त्याची किंमत अक्षाच्या मानाने किरकोळ असते. एका नगात अनेक कोन असतील, किंवा आठवड्याला जॉब बदलत असतील, तेव्हाच बी अक्ष परवडतो. विक्रेत्याला आणखी एक विचारावे: हा अक्ष ठरावीक कोनात थांबूनच कापतो, की इतर अक्षांबरोबर एकाच वेळी हलत वक्र पृष्ठभागही करू शकतो? दोन्हींना माहितीपत्रकात एकच अक्षर असते.

टूलच्या जागाही अशाच मोजाव्यात. जॉबला लागणारी टूल लिहून काढा: पुढचे वळणकाम, मागचे वळणकाम, पार्टिंग, आटे, ड्रिल, मिलिंग, बर काढणे. बर काढण्याचे टूल लोक हमखास विसरतात आणि मग खोलीत बसून हाताने बर काढावी लागते. त्या यादीत झिजणाऱ्या टूलसाठी दोन-तीन जागा जास्तीच्या धरा.

खरेदीनंतर काय वाढवता येते आणि काय येत नाही हेही आत्ताच जाणून घ्या. टूल होल्डर, जास्त दाबाचा पंप, धूर ओढणारे यंत्र ही नंतर जोडता येतात. मागचा वाय किंवा बी अक्ष नंतर जोडता येत नाही. म्हणून आजच्या जॉबबरोबर येत्या तीन-चार वर्षांत जे जॉब खरोखर येणार आहेत, ज्यांची चौकशी हातात आहे, त्यांचीही ड्रॉइंग टेबलावर असू द्यावीत.

आटे एका फेरीत

हाडाच्या स्क्रूचे आटे खोल आणि तीक्ष्ण असतात. साध्या लेथवर असे आटे एकाच टूलने आठ-दहा फेऱ्यांत पाडतात. स्विस टाइप लेथवर यात एक अडचण येते. प्रत्येक फेरीसाठी बार मागे, गाइड बुशमध्ये ओढावा लागतो. पण बारचा तो भाग आता कापून बारीक झालेला असतो. बुश मूळ व्यासाला बसवलेली असल्याने त्या भागाला आधारच मिळत नाही. म्हणून या लेथवर नियम असा की ज्या लांबीचे काम हाती घेतले ते एका दमात अंतिम मापाला न्यायचे आणि मगच पुढच्या लांबीचा बार बाहेर काढायचा. साध्या सीएनसीवर शिकलेल्या प्रोग्रॅमरला हा बदल पचायला वेळ लागतो.

आट्यांसाठी यावर व्हर्लिंग हा उपाय आहे. एका कड्याच्या आतल्या बाजूला अनेक इन्सर्ट बसवतात आणि ते कडे वेगाने बारभोवती फिरते. बार स्वतः सावकाश फिरत पुढे सरकतो. कडे आट्यांच्या चढाइतके तिरके केलेले असते. आपल्या 3.5 मिमी स्क्रूसाठी हा कोन सुमारे साडेसात अंश येतो. 6 मिमीचा अख्खा बार बुशमधून बाहेर येतो आणि एका फेरीत थेट 2.4 मिमी गाभ्यापर्यंतचे आटे घेऊनच पुढे जातो. मागे बुशमध्ये पूर्ण जाडीचा बार असल्याने आधार शेवटपर्यंत शाबूत राहतो.

तुमच्या यादीत असे स्क्रू असतील तर व्हर्लिंग यंत्र कोणत्या जागी बसते, ते बसवल्यावर शेजारच्या किती टूलच्या जागा जातात आणि त्याला कमाल किती कोन देता येतो हे तिन्ही प्रश्न मशीनच्या अक्षांइतकेच महत्त्वाचे आहेत.

दोन स्पिंडलचा हिशेब

आटे आणि खाचा झाल्या की सब स्पिंडल पुढे येऊन स्क्रू धरतो, पार्टिंग टूल बारपासून तो तोडते आणि सब स्पिंडल त्याला मागे घेऊन जातो. आट्यांवरून धरायचे असल्याने इथे खास कोलेट लागते, नाहीतर तयार आटे चेपतात. मग सब स्पिंडलवर डोक्याचे काम चालू असताना मुख्य स्पिंडलवर पुढचा स्क्रू सुरू झालेला असतो.

समजा पुढच्या बाजूचे काम 70 सेकंदांचे आणि मागच्या बाजूचे 50 सेकंदांचे आहे. एकामागून एक केले तर 120 सेकंद लागतील. दोन्ही एकाच वेळी चालले तर नग अदलाबदलीचे पाच सेकंद धरून 75 सेकंदांत एक स्क्रू बाहेर पडतो. आणखी एक स्वतंत्र टूल पोस्ट घेऊन पुढचे काम 55 सेकंदांवर आणले तर नग 60 सेकंदांत होईल. पुढचे काम 50 सेकंदांच्याही खाली नेले तर मागची बाजूच अडसर ठरते आणि मुख्य बाजूला ओतलेला पैसा वाया जातो. दोन्ही बाजूंच्या वेळा कागदावर मांडून जवळजवळ समान करता येतात का हे पाहणे, हेच सायकल टाइमचे खरे काम आहे.

बुश, बार आणि उरलेला तुकडा

गाइड बुश बारला जितकी घट्ट तितके काम अचूक, पण बारचा व्यास लांबीभर सारखा हवा. बारवर फुगवटा असेल तर तो अडकतो, बारीक असेल तर हलतो आणि ते हलणे जॉबवर उतरते. 6 मिमीच्या बारला एच 8 टॉलरन्समध्ये 18 मायक्रॉनची सूट असते, एच 6 मध्ये 8 मायक्रॉनची. अचूक कामासाठी ग्राइंड केलेला बार घ्यावा लागतो आणि त्याची किंमत प्रत्येक नगाच्या हिशेबात धरावी लागते. स्वस्त बार आणि महाग मशीन ही जोडी टिकत नाही.

बार संपत आला की बुश आणि मागचे कोलेट यांच्यामध्ये एक तुकडा उरतो. तो 250 मिमीचा धरला तर 3 मीटरच्या बारमधला जवळजवळ बारावा हिस्सा भंगारात गेला. पितळेत हे खपते, टायटॅनियममध्ये दुखते. म्हणून आज अनेक मशीन गाइड बुश काढूनही चालवता येतात. तेव्हा तुकडा बराच लहान होतो आणि ग्राइंड न केलेला बारही चालतो, पण जॉबची लांबी व्यासाच्या अडीच-तीनपटीच्या आत राहिली पाहिजे. लांब आणि आखूड असे दोन्ही जॉब असणाऱ्या कारखान्याने ही सोय आवर्जून घ्यावी आणि बुश काढून पुन्हा बसवायला सेटरचा किती वेळ जातो ते समोर करून दाखवायला सांगावे.

बार फीडरची निवडही मशीनइतकीच गंभीरपणे करावी. 42 मिमीचा स्क्रू आणि पार्टिंगचे 2 मिमी धरले तर 250 मिमी वगळून 3 मीटरच्या बारमधून 62 नग निघतात. 75 सेकंदांच्या सायकलने एक बार साधारण 77 मिनिटे चालतो. फीडरमध्ये वीस बार भरले तर मशीन एका दिवसाहून अधिक काळ स्वतःच चालू शकते. रात्रपाळी बिनमाणसाची करायची असेल तर तुटलेले टूल ओळखणारी यंत्रणा आणि तयार नग हळुवार उचलून बाहेर ठेवणारी व्यवस्था या दोन गोष्टींवर कंजुषी करू नये.

वेग, तेल आणि कीस

बारीक व्यासाला वेग लागतो. टायटॅनियम मिनिटाला 60 मीटर वेगाने कापायचे ठरवले तर 4 मिमी व्यासाला जवळजवळ 4,800 फेरे पुरतात. पण खड्डा कोरणाऱ्या 1 मिमीच्या कटरला त्याच वेगासाठी 19,000 फेरे लागतात. मुख्य स्पिंडलच्या फेऱ्यांकडे सगळे पाहतात, फिरत्या टूलच्या फेऱ्यांकडे कोणी पाहत नाही. तिथे मशीन 6,000 किंवा 8,000 वरच थांबत असेल तर वेग वाढवणारे वेगळे स्पिंडल घ्यावे लागेल आणि तो खर्च कोटेशनमध्ये आधीच यायला हवा.

या लेथवर बहुधा पाण्यातले कूलंट न वापरता शुद्ध कटिंग ऑइल वापरतात, कारण त्याने बुश आणि बारमध्ये वंगण मिळते. तेलाबरोबर धूर आणि आगीचा धोका येतो. टायटॅनियमचा बारीक कीस पेट घेऊ शकतो आणि त्या आगीवर पाणी मारणे घातक ठरते. धूर ओढण्याची यंत्रणा आणि स्वयंचलित अग्निशमन ऐच्छिक यादीत छापलेले असले तरी तुमच्या यादीत ते आवश्यक समजा. मशीनजवळ उभा राहणारा माणूस कारखान्याची पहिली जबाबदारी आहे.

काही स्क्रूंना आतून आरपार भोक असते, कारण शल्यविशारद ते बारीक तारेवरून हाडात नेतात. दीड मिमीच्या आतले आणि व्यासाच्या तीसपट खोल भोक पाडताना कीस बाहेर आला नाही की ड्रिल तुटते. तिथे ड्रिलमधून 70 बार किंवा त्याहून जास्त दाबाने तेल सोडणारा पंप लागतो. स्टेनलेस स्टीलचा लांबच लांब कीस जॉबभोवती गुंडाळतो त्यावर दुसरा उपाय निघाला आहे. सिटिझनने टूल आणि जॉब यांच्यात ठरावीक लयीत सूक्ष्म पुढेमागे हालचाल देणारी पद्धत आणली, आणि इतर कंपन्यांनीही आपापल्या पद्धती आणल्या. टूल क्षणभर हवेत येते आणि कीस तुटतो. याने सायकल थोडी लांबते, म्हणून जिथे कीस खरोखर अडतो तेवढ्याच भागात ती वापरावी.

उष्णतेचाही हिशेब ठेवावा. 300 मिमी लांबीचा पोलादी भाग पाच अंशांनी तापला की साधारण 17 मायक्रॉन लांबतो. सकाळी थंड मशीनवर निघालेला नग आणि दुपारी तापलेल्या मशीनवर निघालेला नग यांत फरक पडतो तो यामुळे. मशीन हा बदल कसा भरून काढते ते विचारा, आणि शेडमध्ये दुपारच्या उन्हाची तिरीप मशीनवर पडणार असेल तर जागा आधी बदला.

मशीनपुढचा माणूस

आपल्याकडे कॅमवर चालणाऱ्या सिंगल स्पिंडल ऑटोमॅटला सरसकट ‘ट्रॉब’ म्हणतात. त्यावर वर्षानुवर्षे पितळी आणि पोलादी नग काढलेल्या सेटरच्या हाताला बार, कोलेट, फॉर्म टूल आणि पार्टिंगची जाण असते. ही जाण स्विस टाइप लेथवर फार मोलाची आहे. त्याला संगणकाचा पडदा शिकवता येतो. बार कधी घट्ट झाला हे आवाजावरून ओळखणे पुस्तकातून येत नाही. म्हणून मशीन आले की जुन्या सेटरला बाजूला सारू नका. त्याच्यासोबत प्रोग्रॅमिंग येणारा तरुण द्या आणि दोघांनाही प्रशिक्षणाला पाठवा.

बहुअक्षीय मशीनवर दोन-तीन प्रोग्रॅम समांतर चालतात आणि ठरावीक ठिकाणी एकमेकांसाठी थांबतात. ती थांबण्याची ठिकाणे चुकली तर टूल एकमेकांवर आदळतात. म्हणून या प्रकारच्या लेथला सोयीचे सॉफ्टवेअर, पडद्यावर आधी सगळी हालचाल तपासण्याची सोय आणि तुमच्या शहरात पोहोचू शकणारा सर्व्हिस इंजिनिअर यांची किंमत शेवटच्या एका अक्षापेक्षा जास्त धरावी.

शरीरात बसणाऱ्या नगांचे काम असेल तर आणखी एक बाजू आहे. भारतात 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली अशा उत्पादनाला परवाना लागतो. गुणवत्तेची व्यवस्था आयएसओ 13485 प्रमाणे असावी लागते आणि प्रत्येक नगाचा माग बारच्या बॅचपर्यंत ठेवावा लागतो. प्रक्रिया एकदा सिद्ध केली की मशीन बदलताना ती पुन्हा सिद्ध करावी लागते. म्हणजे इथे चुकीच्या निवडीचा खर्च मशीनच्या किमतीवर थांबत नाही.

सही करण्याआधी

प्रदर्शनात मशीनवर जो जॉब चालू असतो तो त्या मशीनला शोभणारा निवडलेला असतो. तुम्ही तुमचा जॉब, तुमचा बार आणि तुमचे ड्रॉइंग द्या. मशीन थंड असताना सुरू करायला लावा आणि सलग पन्नास नग घ्या. ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मोजा. माप एका दिशेने सरकत असेल तर उष्णता किंवा टूलची झीज बोलते आहे, वरखाली उडत असेल तर बुश किंवा बार. त्यानंतर जॉब बदलायला सांगा आणि घड्याळ लावून बसा. छोट्या ऑर्डरींच्या कारखान्यात सायकलचे पाच सेकंद वाचण्यापेक्षा सेटिंगचे दोन तास वाचणे मोठे असते. मान्य झालेली मापे, वेळ आणि नगांची संख्या खरेदीच्या करारात लिहून घ्या.

शेवटी एक कागद घ्या आणि त्याचे दोन रकाने करा. डावीकडे ड्रॉइंगमधली प्रत्येक ओळ लिहा: हा व्यास, ते भोक, तो खड्डा, हा टॉलरन्स. उजवीकडे त्यासाठी मशीनचा कोणता अक्ष, कोणते टूल, कोणती सोय लागते ते लिहा. उजव्या बाजूला जे डावीकडच्या कोणत्याच ओळीशी जुळत नाही ते कोटेशनमधून काढायला सांगा. डाव्या बाजूची एखादी ओळ उजवीकडे रिकामी राहिली तर विक्रेत्याला तिथेच थांबवून विचारा. दोन्ही रकाने भरले की मगच सही करा.